वाळूच्या पोटात पन्नास दिवस

फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर भल्या सकाळी माणसांची रांग दोरीच्या अलीकडे उभी असते. कुणी पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आलेलं, कुणी हरिहरेश्वरला मुक्काम करून बागमांडल्याच्या फेरीबोटीनं वेशवीला उतरलेलं. समोर जाळीचं कुंपण, आत वाळूत ओळीनं पालथ्या घातलेल्या टोपल्या. समुद्री कासवांच्या घरट्यांची राखण करणारा गावातला कासवमित्र आत शिरतो आणि एकेक टोपली उचलून पाहतो. कधी खाली दहा-बारा पिल्लं असतात, कधी चांगली ऐंशी-नव्वद, आणि पुष्कळदा नुसती वाळू.

पिल्लं असली तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत ठेवली जातात. तिथून पुढे त्यांचं त्यांनी चालायचं. एखादं तुरुतुरु निघतं, एखादं मध्येच थांबून मान वर करतं, एखाद्याला लाट पाण्यात नेण्याऐवजी चार हात मागे फेकते. रांगेतलं एखादं पोर हमखास विचारतं, "काका, एवढं दमतंय तर उचलून पाण्यात का नाही सोडत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या पाठोपाठ आणखीही प्रश्न येतात. पिल्लं नक्की कधी येणार हे कुणी आधी का सांगू शकत नाही? सगळ्यांनी मोबाइलचा फ्लॅश बंद का ठेवायचा? अंडी किनाऱ्यावरून उचलून कुंपणात आणता येतात, मग ती गावातल्या एखाद्या सुरक्षित खोलीत का नेत नाहीत? या सगळ्यांची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात. समुद्री कासवाची मादी अंडी घालून निघून जाते, ती परत त्यांच्याकडे फिरकत नाही. त्यानंतर उबवण्यापासून समुद्राची दिशा दाखवण्यापर्यंत आईची सगळी कामं तो किनारा करतो.

पाण्यातला जीव वाळूवर येतो तेव्हा

कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. पाठीचं कवच साधारण दोन-सव्वादोन फूट लांब, वजन पस्तीस ते पन्नास किलो, रंग हिरवट राखाडी. जगात समुद्री कासवांच्या सात जाती आहेत, त्यांतल्या पाच भारताच्या पाण्यात आढळतात. त्या पाचांत ऑलिव्ह रिडले सगळ्यात जास्त दिसणारं.

कासव सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी. ते फुप्फुसांनी श्वास घेतं, आणि त्याचं अंडंही हवेवर वाढतं. अंड्याचं कवच चिवट कागदासारखं मऊ असतं, त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून प्राणवायू आत जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे अंडं पाण्यात बुडून राहिलं तर आतला गर्भ गुदमरतो. म्हणून आयुष्यभर समुद्रात राहणाऱ्या मादीलाही अंड्यांसाठी जमिनीवर यावंच लागतं. नर मात्र एकदा पिल्लू म्हणून पाण्यात शिरला की सहसा पुन्हा किनाऱ्याला लागत नाही.

मादी बहुतेक वेळा रात्री येते. भरतीच्या रेषेच्या वर, जिथं लाट रोज पोचत नाही अशी जागा ती निवडते. मागच्या दोन वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या पायांनी, आळीपाळीनं वाळू उपसत ती दीड फुटाच्या आसपास खोल खड्डा करते. तोंडाशी अरुंद, तळाशी फुगीर. त्यात दोन-दोन, तीन-तीन करत शंभर-सव्वाशे अंडी सोडते, खड्डा बुजवते आणि मग आपलं अंग डावीउजवीकडे आपटत वरची वाळू दाबून बसवते. ऑलिव्ह रिडलेची ही खास सवय. तासाभरात सगळं उरकून ती पाण्याकडे वळते.

या वेळी तिच्या डोळ्यांतून चिकट पाणी गळताना दिसतं. ती रडते असं अनेकांना वाटतं, आणि ते वाटणं मला समजू शकतं. पण तिच्या डोळ्यांजवळ क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. खारं पाणी पोटात जाणाऱ्या प्राण्याला जास्तीचं मीठ कुठूनतरी काढून टाकावं लागतं, मूत्रपिंडांना ते सगळं जमत नाही. पाण्यातही हे अश्रू वाहतच असतात, फक्त तिथं ते आपल्याला दिसत नाहीत.

अंडी हलवायची तर लगेच, आणि न फिरवता

पहाटे कासवमित्र किनारा चालत जातो तो मादीचा माग शोधत. समुद्राकडून वर येणारी आणि पुन्हा खाली जाणारी वल्ह्यांच्या खुणांची पट्टी, आणि मधे विसकटलेली वाळू. तिथंच आसपास घरटं असतं. काठीनं हलकेच चाचपून जिथं वाळू पोकळ लागते ती जागा तो शोधतो. उशीर झाला तर कुत्री, कोल्हे किंवा रानडुकरं त्याच्या आधी पोचलेली असतात.

एक काळ असा होता की आधी माणसंच पोचत. अंडी उकरून नेणं, खाणं, विकणं हे कोकणात अनेक गावांत सर्रास चालायचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये समुद्री गरुडांची पाहणी करत वेळासला आले होते, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. तिथून हे संवर्धनाचं काम सुरू झालं. २००६ मध्ये वेळासला पहिला कासव महोत्सव झाला आणि पर्यटकांना गावातल्या घरांत राहायला-जेवायला ठेवण्याची पद्धत रुजली. अंडी विकून जे काही सुटायचं त्यापेक्षा पिल्लं दाखवून जास्त मिळतं, हे गावानं अनुभवलं. माझ्या मते भाषणांनी झालं नसतं ते काम या हिशेबानं केलं. आज वनविभाग, कांदळवन कक्ष आणि गावोगावचे कासवमित्र आंजर्ले, केळशी, गुहागरपासून सिंधुदुर्गातल्या वायंगणी, तांबळडेगपर्यंत हे काम करतात. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांसाठी राखलेले आहेत.

सापडलेलं घरटं जागच्या जागी सुरक्षित राहणार नसेल तर अंडी कुंपणातल्या वाळूत, म्हणजे हॅचरीत, हलवतात. इथं वेळेला फार महत्त्व असतं. मादीच्या पोटात असताना गर्भाची वाढ एका टप्प्यावर थांबलेली असते. अंडं बाहेर पडून हवेच्या संपर्कात आलं की ती पुन्हा सुरू होते आणि काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. कोंबडी आपली अंडी चोचीनं फिरवत राहते, कारण तिच्या अंड्याला ते लागतं. कासवाच्या अंड्याला ते चालत नाही. गर्भ चिकटल्यानंतर अंडं फिरलं तर नाजूक पडदे फाटतात आणि गर्भ मरतो. म्हणून अंडी पहाटेच, कमीत कमी धक्का देत आणि वरची बाजू वरच ठेवून न्यायची. नव्या जागी मूळ घरट्याएवढाच खोल आणि त्याच घडणीचा खड्डा खणायचा. शेजारी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी रोवायची.

खोलीत का नेत नाहीत, याचं उत्तर इथं अर्धं मिळतं. उरलेलं अर्धं उन्हात आहे.

नर की मादी, ते ऊब ठरवते

माणसात मूल मुलगा होणार की मुलगी, हे बीज फळतं त्याच क्षणी गुणसूत्रांनी ठरतं. समुद्री कासवात तशी लिंग ठरवणारी गुणसूत्रं नसतात. अंडं घातलं जातं तेव्हा आतला जीव नर किंवा मादी यांपैकी काहीही होऊ शकतो. उबवणीच्या काळाचे तीन भाग केले तर मधल्या भागात घरट्यातली वाळू किती तापलेली होती, त्यावर ते ठरतं. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर आणि माद्या जवळजवळ सारख्या निपजतात. त्याहून गार वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. दोन-तीन अंशांच्या फरकानं घरटंच्या घरटं एकाच लिंगाचं होऊ शकतं.

हे कसं घडतं? शरीरातले काही विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, तापमानानुसार कमीजास्त काम करतात. त्यांतलं एक विकर नर संप्रेरकाचं मादी संप्रेरकात रूपांतर करतं. ऊब जास्त असली की ते जास्त तयार होतं, आणि त्या जोरावर गर्भातली अजून काहीच न ठरलेली ग्रंथी बीजांडकोश बनायला लागते. गारव्यात ते कमी पडतं, मग तीच ग्रंथी वृषण होते.

आता यात आणखी एक बारकावा आहे. घरट्याला ऊब फक्त वरून, उन्हानं मिळत नाही. कोकणात ज्यानं आंब्याची आढी लावलेली पाहिली आहे त्याला हे सहज पटेल. पेंढ्यात थर देऊन ठेवलेल्या आढीत हात घातला की मधला भाग गरम लागतो, आणि तिथले आंबे कडेच्या आंब्यांच्या आधी पिकतात, कारण पिकणारं फळ स्वतःच उष्णता सोडत असतं आणि मधली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. घरट्यातही वाढणारे शंभर गर्भ उष्णता सोडतात. जसजसे ते मोठे होतात तसतसं घरट्याचं पोट आजूबाजूच्या वाळूपेक्षा अधिक तापतं, आणि मधली अंडी कडेच्या अंड्यांपेक्षा जास्त ऊब खातात. खड्डा उथळ झाला, किंवा अंडी दोन खड्ड्यांत विभागली, किंवा घरट्यावर सावली आली की हा सगळा हिशेब बदलतो. मादीनं खणलेल्या खोलीचं इतकं काटेकोर अनुकरण करतात ते यासाठी.

पिल्लं कधी निघणार हे नेमकं का सांगता येत नाही, तेही यातच आलं. ऊब जास्त असेल तर वाढ लवकर, कमी असेल तर सावकाश. डिसेंबरच्या थंडीत घातलेली अंडी पंचावन्न-साठ दिवस घेतील, मार्चच्या उन्हातली पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फुटतील. पाटीवरच्या तारखेवरून कासवमित्र अंदाज बांधतो, पण मधे आठवडाभर मळभ राहिलं की तो अंदाज पुढे सरकतो. महोत्सवाच्या तारखा जाहीर करणाऱ्यांना दरवर्षी हीच अडचण येते, आणि आरक्षण करून गेलेल्या माणसाला रिकामी टोपली दिसते ती कुणाच्या हलगर्जीमुळे नव्हे.

या यंत्रणेतला धोकाही ओळखायला हवा. वाळू सतत ३४-३५ अंशांवर राहिली तर गर्भ मरू लागतात. त्याच्या अलीकडे पिल्लं जगतात, पण जवळजवळ सगळ्या माद्याच निपजतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या तरुण कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे लगेच संकट कोसळत नाही. पण नर येणंच थांबलं तर पुढच्या पिढ्यांचं काय, हा प्रश्न उघडा आहे. काही हॅचऱ्यांत कडक उन्हाच्या दिवसांत घरट्यांवर कापडाची सावली धरतात. तो उपाय वाटतो तेवढा साधा नाही, कारण सावली किती धरायची हे ठरवणं म्हणजे किती नर आणि किती माद्या जन्माला घालायच्या हे ठरवणं.

शंभर जणांनी मिळून चढायचा जिना

अंडं फोडायला पिल्लाच्या चोचीवर एक छोटा टणक काटा असतो, पुढे तो झडून जातो. पण अंडं फुटलं म्हणजे पिल्लू बाहेर आलं असं होत नाही. डोक्यावर अजून दीड फूट वाळू आहे आणि पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटर लांब, वीस ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचं. एकट्यानं हे अंतर कापणं त्याला फार जड जातं.

अंड्यांतला द्रव सांडून गेल्यानं आणि टरफलं चेपल्यानं घरट्यात थोडी मोकळी जागा होते. एक पिल्लू हललं की त्याला लागून असलेली बाकीची हलतात. वरची पिल्लं छताची वाळू ओरबाडतात, ती खाली गळते, खालची पिल्लं तिला पायांखाली तुडवतात. छत खचत जातं, तळ उंच होत जातो आणि सगळा घोळका मिळून वर सरकतो. सगळी दमली की सगळी थांबतात, मग कुणाच्या तरी हालचालीनं पुन्हा सुरुवात. या चढणीला दोन ते पाच दिवस लागतात. या काळात त्यांची शिदोरी म्हणजे पोटाशी उरलेला बलक.

पृष्ठभागाजवळ आल्यावर ती थबकतात. वरची वाळू तापलेली असेल तर पिल्लं निपचित पडून राहतात, ती गार झाली की हालचाल सुरू होते. त्यांना घड्याळ कळत नाही, पण वाळू गार होण्याची वेळ म्हणजे बहुतेकदा रात्र, नाहीतर पहाट. अंधारात घार, कावळा, समुद्री गरुड नसतात आणि उन्हात होरपळण्याचाही धोका नसतो. पिल्लं संध्याकाळी किंवा सकाळी सोडतात त्यामागेही हेच कारण.

इथं एक गोष्ट पाहुण्यांनी समजून घ्यायला हवी. वर आलेल्या पिल्लाच्या अंगात जी धडपड असते ती ठरावीक काळच टिकते. टोपलीखाली तासन्‌तास अडकलेलं पिल्लू तिथंच हातपाय मारत आपली शक्ती संपवतं, आणि अशा अडकवून ठेवलेल्या पिल्लांचा पोहण्याचा वेग घटतो हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणून एखाद्या कासवमित्रानं रात्री अडीच वाजता पिल्लं दिसली आणि तेव्हाच सोडून दिली, तर सकाळी आलेल्यांनी त्याच्यावर नाराज होऊ नये. त्यानं योग्य तेच केलं.

समुद्र कुणीकडे?

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ.

वाळूतून डोकं वर काढलेल्या पिल्लानं समुद्र कधी पाहिलेला नाही. त्याचे डोळे जमिनीपासून बोटभर उंचीवर आहेत, समोरची वाळूची घडीही त्याला क्षितिज झाकून टाकते. तरी ते बहुतेक वेळा बरोबर वळतं, कारण ते समुद्र शोधत नसून क्षितिजालगतचा उजेड शोधत असतं. मोकळ्या समुद्रावर आकाशाचा मंद उजेड पाण्यावरून परावर्तित होतो, त्यामुळे ती बाजू रात्रीही किंचित उजळ दिसते. जमिनीकडे झाडं, टेकड्या, वाळूचे उंचवटे यांची काळी रेघ असते. पिल्लू उंच काळ्या आकृतींकडे पाठ करतं आणि खालच्या उजेडाकडे निघतं. कोट्यवधी वर्षं हा नियम चुकला नाही, कारण जमिनीच्या बाजूला दिवे नव्हते.

आज एखाद्या रिसॉर्टचा पांढरा झोत किनाऱ्यावर पडला की तोच नियम पिल्लाला गावाकडे, रस्त्याकडे नेतो. मोबाइलचा फ्लॅश किंवा टॉर्च हाही त्याच्यासाठी क्षितिजापेक्षा कितीतरी तेजस्वी असतो. वेळासच्या किनाऱ्यामागे सुरूचं बन आहे. गावाकडचा उजेड अडवणारी अशी काळी भिंत पिल्लांच्या फार उपयोगी पडते.

पाण्यात शिरल्यावर उजेडाची खूण पुरत नाही. तिथं पिल्लू लाटांच्या हेलकाव्यावरून दिशा घेतं. किनाऱ्याजवळ लाटा जवळपास नेहमी किनाऱ्याकडेच येत असतात, तेव्हा लाटेला सामोरं पोहलं की आपण खोल पाण्याकडे जातो. पण आणखी आत गेलं की लाटा कुठूनही येतात. तिथं तिसरी खूण कामाला येते, ती म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ केनेथ लोहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉगरहेड जातीच्या पिल्लांना विजेच्या तारांच्या वेटोळ्यांनी वेढलेल्या टाकीत पोहायला लावलं आणि तारांतून प्रवाह सोडून टाकीतलं चुंबकीय क्षेत्र बदललं. पिल्लांनी आपली पोहण्याची दिशा बदलली. त्यांच्या शरीरात होकायंत्र आहे, हे त्यातून सिद्ध झालं.

या प्रयोगांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. होकायंत्र असून भागत नाही, कुठल्या दिशेला जायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. उजेडाकडे जाताना किंवा लाटांना तोंड देत पोहताना पिल्लू जी दिशा धरतं, तीच दिशा ते पुढे उजेड आणि लाटा नसतानाही चुंबकत्वाच्या आधारानं धरून ठेवतं. म्हणजे वाळूवरची ती धडपड आणि पहिल्या लाटांशी झालेली झटापट यांतून पुढच्या प्रवासाची दिशा ठरते. उचलून थेट खोल पाण्यात टाकलेल्या पिल्लाला चालण्याचे श्रम वाचतात, पण दिशा पक्की करण्याची संधी हुकते. लाटेनं मागे फेकलेलं पिल्लू पुन्हा वळून निघतं तेव्हा त्याला मदत करू नका असं कासवमित्र सांगतो, ते म्हणूनच.

पाण्यात शिरलेलं पिल्लू पहिले चोवीस तास जवळजवळ न थांबता पोहतं. उथळ पाण्यात मासे, वर पक्षी, त्यामुळे जेवढ्या लवकर हा पट्टा ओलांडता येईल तेवढं बरं. इथंही इंधन तेच, उरलेला बलक. हजारातलं साधारण एखादंच पिल्लू मोठं होऊन अंडी घालण्यापर्यंत पोचतं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. आकडा जातीगणिक आणि जागेगणिक बदलेल, पण एका मादीला एकेका वेळी शंभर अंडी का घालावी लागतात ते त्यावरून कळतं.

चौकट: किनाऱ्यावर गेल्यावर

दोरीच्या अलीकडे उभे राहा. पिल्लांच्या वाटेवर उमटलेलं आपलं पाऊल त्यांच्यासाठी खोल खड्डा असतो.

फ्लॅश, टॉर्च आणि गाडीचे हेडलाइट किनाऱ्याच्या दिशेला नकोत. दिवसाउजेडी फ्लॅशशिवाय चांगले फोटो येतात.

पिल्लाला हात लावू नका, उलटं वळलं तरी. गरज पडली तर कासवमित्र पाहील.

रात्री अंडी घालायला येणारी मादी दिसली तर जागच्या जागी शांत उभे राहा. नाहीतर ती अंडी न घालताच परत फिरू शकते.

किमान दोन रात्री गावात राहा. त्यानं पिल्लं दिसण्याची शक्यता वाढते आणि गावाच्या हातात चार पैसे पडतात.

पुढे ती जातात कुठे?

बरीच वर्षं या प्रश्नाचं उत्तर फक्त अंदाजानं दिलं जाई. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा असा पहिला प्रयोग. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी त्यानंतर आणखी काही माद्यांना अशी यंत्रं बसवली. कासव श्वासासाठी वर आलं की यंत्र उपग्रहाला आपला ठावठिकाणा कळवतं. २०२३ मध्ये गुहागरला यंत्र लावलेली बागेश्री दक्षिणेकडे गेली, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली.

याच्या उलट दिशेचा पुरावाही मिळाला. ओडिशात २०२१ मध्ये वल्ह्याला धातूची क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. ओडिशातल्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्याच्या किनाऱ्यांवर हजारो, कधी लाखो माद्या काही रात्रींत एकदम येतात. कोकणात त्या एकेकट्या येतात. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी, असं आपण धरून चाललो होतो. आता तेवढ्या खात्रीनं तसं म्हणता येत नाही. मादी सहसा आपण जन्मलो त्या भागात परतते आणि त्या किनाऱ्याची चुंबकीय खूण तिच्यात जन्मवेळीच नोंदली जात असावी, असं लोहमन यांचं मत आहे. त्याला लॉगरहेड कासवांच्या घरट्यांच्या नोंदींतून आधारही मिळाला आहे. पण ऑलिव्ह रिडले या बाबतीत इतर जातींपेक्षा थोडी मोकळीक घेत असावी, असं या प्रवासिनीकडे पाहून वाटतं.

किनारा तसाच राहायला हवा

ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला आहे तेवढंच संरक्षण त्याला आहे. अंडी उचलणं हाही गुन्हा आहे. कासवांच्या विणीच्या जागा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सगळ्यात कडक वर्गात येतात. मासेमारीच्या जाळ्यात कासव अडकलं तर ते श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. त्यासाठी महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे की संरक्षित प्राणी सोडवायला मच्छीमारानं जाळं कापलं तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मला ही योजना फार मोलाची वाटते. मोठी मादी तयार व्हायला बारा-पंधरा वर्षं लागतात, तेव्हा जाळ्यातून सुटलेली एक मादी शेकडो पिल्लांच्या तोलाची असते.

पण आईचं काम किनारा करत असेल, तर किनारा मोडला की कायदा आणि टोपली दोन्ही तोकडी पडतात. भरतीच्या रेषेवर दगडी धूपप्रतिबंधक बंधारा घातला की मादीला वर यायला जागा उरत नाही, आणि बंधाऱ्याच्या शेजारची वाळू बहुतेकदा आणखी वेगानं वाहून जाते. वाळू उपसली की घरट्याची खोली जाते. किनाऱ्यालगत प्रखर दिवे आले की समुद्राकडे नेणारी खूण पुसली जाते. ही कामं कासवांच्या वाईटावर उठून कुणी करत नाही. घर वाचावं, रस्ता व्हावा, पर्यटक यावेत म्हणूनच होतात. म्हणून त्यांच्याबद्दल गावात उघडपणे बोलायला हवं. दिवे लावायचेच तर कमी उंचीचे, खाली तोंड केलेले, तांबूस रंगाचे आणि विणीच्या हंगामात रात्री बंद ठेवता येतील असे लावता येतात. लाल-पिवळ्या उजेडाकडे पिल्लं पांढऱ्या-निळ्याइतकी ओढली जात नाहीत.

कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्याजवळ तुमचं घर असेल, हॉटेल असेल, किंवा भावकीतल्या कुणाचं असेल, तर नोव्हेंबर ते मे या महिन्यांत समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा आणि शेजाऱ्यालाही तसं सांगा. ग्रामसभेत बंधाऱ्याचा किंवा किनाऱ्यावरच्या दिव्यांचा विषय निघेल तेव्हा आपल्या गावातल्या कासवमित्राला बोलायला वेळ द्या. कुठल्या जागी किती घरटी झाली, याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याच्या वहीत असतात.